ताई, मागून धरलंय ना?

मी बायकांना स्कूटर शिकवते. शिकवते! हे लिहिताना मला किती आनंद होतोय ते कसं सांगू? मधल्या काळात घरचे, शेजारचे, नातेवाईक, सगळे ‘संगीता शिकवायची’ असं बोलायला लागले होते आणि मी पडल्या पडल्या ते ऐकत होते. नाक खाजवायलासुद्धा हात उचलत नव्हता, भांडणार कशी?

हे का लिहितेय ते आधी सांगते. मी हॉस्पिटलात आडवी झाले तेव्हा माझे मिस्टर मोबाइलवर या आजाराबद्दल शोधून शोधून वाचायचे आणि त्यांचा चेहरा आणखी आणखी पडत जायचा. त्यातलं खोटं काही नव्हतं म्हणा. पण ‘बाई, मी यातून गेले आणि आता माझ्या पोळ्या मी लाटते’ असं सांगणारं एक माणूस काही आम्हाला भेटलं नाही. ते माणूस व्हायचं म्हणून मी लिहायला बसलेय. औषधांची नावं मला विचारू नका, ती डॉक्टरांना विचारा. बाकी सगळं सांगते.

माझी थाप

माझं माहेर लोणी काळभोरचं. दादाची मोटारसायकल शेताच्या रस्त्यानं पळवायची आणि आईच्या शिव्या खायच्या, हे माझं बालपण. लग्न होऊन कर्वेनगरला आले. सोसायटीतल्या एका वहिनींना सहज म्हणून स्कूटर शिकवली. त्यांनी जावेला पाठवलं, जावेनं ऑफिसातल्या मैत्रिणींना, आणि बघता बघता क्लासच सुरू झाला. आमच्या सोसायटीमागे मोकळं मैदान आहे. सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत आमचा सगळा कारभार. गाडी एकच, लाल.

शिकायला येतात त्या बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. पोरं मोठी झालेली, आणि नवरा ‘मी सोडतो की तुला’ म्हणणारा, पण ऐन वेळी त्याची मीटिंग निघणारी. पहिल्या दिवशी या बायका गाडीकडे असं बघतात, की ती चावेलच. मी त्यांना बसवते, मागची कडी घट्ट धरते आणि गाडीबरोबर पळते. मग प्रत्येकीचा तोच प्रश्न.

“ताई, मागून धरलंय ना?”

“धरलंय!”

पळता पळता माझ्या हाताला कळतं, की बाई आता आपली आपण तोल सांभाळतेय. तशी मी कडी सोडते आणि जागच्या जागी थांबते. ओरडत मात्र राहते, “धरलंय, धरलंय! पुढे बघा!” मैदानाच्या टोकाला वळताना तिला मी लांब उभी दिसते आणि मग जी किंचाळी येते ना! काही जणी रडतात. दोघी-तिघींनी मला चांगले रट्टे दिलेत. पण त्यानंतर तिला कुणी धरावं लागत नाही. या एका थापेवर माझा सगळा क्लास चालतो म्हणा ना.

चप्पल

कुलकर्णी काकू सदाशिव पेठेतल्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. शिकायला रिक्षा करून कर्वेनगरपर्यंत यायच्या. का, तर “पेठेत शिकायचं म्हणजे सगळी पेठ बघायला येणार, आणि वर सूचना करणार.” वयानं माझ्याहून एवढ्या मोठ्या, पण मला ताईच म्हणायच्या. शिकवणाऱ्याला मान द्यायचा, हा त्यांचा नियम.

काकूंचं एक कोडंच होतं. मी कडी सोडून दिलेली असायची, त्या टोकाला जाऊन वळायच्या, मी लांब उभी दिसायचे, आणि त्या बिलकूल किंचाळायच्या नाहीत. शांतपणे परत यायच्या. माझी एवढी सगळी मजा वाया! बरं, निघताना मात्र दर वेळी “धरलंय ना?” विचारणार, आणि मी “धरलंय” म्हटल्याशिवाय गाडी इंचभर हलवणार नाहीत. आता या बाईला सोडायचं कसं, याचा मी विचार करत होते.

त्या सकाळी मी काकूंच्या मागे पळत होते. काकूंनी एकदम ब्रेक मारला.

“काय झालं, काकू?”

“तुमची एक चप्पल मागे राहिलीय.”

बघते तर खरंच! डावी चप्पल पार तिकडे पडलेली आणि मी अनवाणी पायानं खडीवरून पळतेय. पायाला दगड टोचले होते, रक्त आलं होतं आणि मला पत्ता नाही.

“तुम्हाला कसं कळलं? तुमचं तोंड तर पुढे होतं!”

“पुढे बघा, खांदे सैल सोडा, एवढंच सांगितलंत तुम्ही,” काकू म्हणाल्या. “कान बंद ठेवा असं नव्हतं सांगितलं.”

मी हसले. पण क्लास संपल्यावर गाडी मेन स्टँडला लावायला गेले आणि लागेना. आयुष्यभर एका झटक्यात लावलेली गाडी! मला वाटलं, मागच्या आठवड्यात पोट बिघडून ताप आला होता, त्याचा अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठडा धरावा लागला. त्यानंतर दात घासताना टूथपेस्ट दाबली आणि बाहेर काहीच आलं नाही. नळी संपली असेल म्हणून ह्यांच्याकडे दिली, तर त्यांनी दाबल्यावर भसकन पेस्ट आली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

हातोडी

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला पलंगाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवलं आणि गुडघ्याखाली एक छोटी रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता. तो काही उडाला नाही.

“जोरात मारा की डॉक्टर,” मी म्हटलं.

त्यांनी जोरात मारली. दुसऱ्या पायावर मारली, मग कोपरावर. आमचे हे बाजूला उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, “दुसरी हातोडी आहे का?”

डॉक्टर हसले नाहीत. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की काहीतरी मोठं आहे.

आजाराचं नाव जीबीएस. डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं ते असं: शरीरातली जी फौज जंतूंशी लढते, ती चुकून माझ्याच नसांवर तुटून पडली होती. वायरवरचं रबर निघावं तसं नसांवरचं आवरण जात होतं. मी मनात म्हटलं, म्हणजे इंजिन शाबूत आहे, वायरिंग गेलंय. बरं वाटलं ऐकून! वायरिंग दुरुस्त होतं, हे मला माहीत होतं.

“बहुतेक लोक यातून बरे होतात,” डॉक्टर म्हणाले. “पण आधी तब्येत आणखी खाली जाईल आणि मग वर यायला लागेल. किती खाली जाईल ते आज सांगता येणार नाही.”

“मला गाडी चालवता येईल ना?”

“आधी श्वासाकडे बघू,” ते म्हणाले.

मी पायांचं विचारत होते आणि डॉक्टर श्वासावर पोहोचले होते.

एका दमात

हॉस्पिटलात रोज मला एका दमात आकडे म्हणायला लावायचे. एक, दोन, तीन, जिथे दम संपेल तिथवर. पहिल्या दिवशी हे म्हणाले, “डॉक्टर, हिला थांबवावं लागेल. ही एका दमात लोणी काळभोरपर्यंत जाते.” खरंच मी भरपूर लांब गेले आणि सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. पण मग रोज आकडा अलीकडे यायला लागला. पाय गेले, हात गेले, डोळे मिटेनात, गिळता येईना. चादर अंगावर घातली तरी कातडी सोलल्यासारखी दुखायची. ज्या दिवशी मी आकडे म्हणायला तोंड उघडलं आणि धड सुरुवातच झाली नाही, त्या दिवशी मला व्हेंटिलेटरवर घेतलं.

आडपडदा न ठेवता सांगते, मला वाटलं मी मेले. शुद्ध पूर्ण होती, ऐकू सगळं येत होतं, आणि बोटसुद्धा हलत नव्हतं. मुलगा परगावी शिकतो. परीक्षा होती म्हणून ह्यांनी त्याला काही दिवस कळवलंच नव्हतं. तो आला तो बापाशी भांडतच आला, आणि माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं दबक्या आवाजात एकमेकांवर चिडत होते. मला ओरडून सांगायचं होतं, अरे भांडा बाबांनो, पण मला मध्ये घेऊन भांडा!

आणि नाकाला खाज सुटायची. हसू नका, खरंच सांगते. सगळं अंग दगड झालेलं आणि नाकाच्या शेंड्याला खाज. ते सांगायचं कसं? एका सिस्टरला ते आपोआप कळलं. वॉर्डात शिरली की आधी माझं नाक खाजवायची, मग बाकीची कामं. म्हणायची, “झालं का समाधान?” मी पापणी मिटायचा प्रयत्न करायचे. देवानं तिला उदंड सुख द्यावं. तुमचं कुणी असं पडलेलं असेल तर आधी जाऊन नाक खाजवा. फुलं नंतर न्या.

एक दुपार आठवते. मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं, सूऽ आणि थांबा, सूऽ आणि थांबा. मी मनातल्या मनात देवाला विचारलं, मागून धरलंय ना? माझ्या सगळ्या बायकांनी मला विचारलेलाच प्रश्न, त्याच भेदरलेल्या आवाजात. उत्तर काही आलं नाही. मशीनचं सूऽ तेवढं चालू होतं. मी परत विचारलं. सूऽ. मग मी ठरवलं, की हेच उत्तर आहे असं धरून चालायचं. दुसरं माझ्या हातात तरी काय होतं?

आईचा चहा

माझी आई लोणीहून आली ती हातात पिशवी घेऊन, थेट राहायलाच. मला बघून रडेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं माझ्या छातीकडे बघितलं, ती वरखाली होत होती.

“जीव हाय न्हवं? मग बास झालं,” ती म्हणाली आणि बाकावर बसली.

तिथेच तिनं ग्रामदेवाला बोलून टाकलं, की माझी लेक स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत चहा घेणार नाही. आता आमच्या घरात आईचा चहा म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. उठल्यावर, न्याहारीला, वावरात जाताना, वावरातून आल्यावर, आणि मध्ये कुणी आलं तर त्याच्या निमित्तानं. असं माणूस चहाविना बसलं होतं! हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “लवकर उठ गं. सासूबाईंनी आज दोन सिस्टर आणि एका डॉक्टरांना झापलंय.”

मला हसता येत नव्हतं. पण आतून असं हसू आलं, की मशीननं पीं पीं केलं आणि सिस्टर धावत आली.

त्यानंतर घसरण थांबली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, आधी खाली, मग वर. एक दिवस उजव्या हाताचा अंगठा हलला. एवढासा! मुलानं तो बघितला आणि वॉर्डभर सांगत सुटला. मशीन निघालं. बोलता यायला लागलं तेव्हा पहिलं वाक्य काय बोलणार, याची सगळे वाट बघत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, गालावर खुंट वाढलेले, शर्ट चुरगळलेला, आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, “दाढी करा.” ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा दाढी केलेली होती आणि डोळे लाल होते.

कुलकर्णी काकू भेटीच्या वेळी आल्या. घड्याळ लावून आल्या आणि घड्याळ लावूनच जाणार होत्या.

“मी दुसरीकडे शिकायला जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सावकाश बऱ्या व्हा. मात्र फार सावकाशही नको, माझंही वय होतंय.”

त्या गेल्यावर आई म्हणाली, “ही बाई ग्वाड बोलत न्हाई, पर आली बघ.”

गाडी विकायची नाही

घरी आले ती व्हीलचेअरवर. सगळ्यांना वाटतं, हॉस्पिटलातनं सुटलं की सुटलं. अहो, खरी परीक्षा घरी. हॉस्पिटलात सगळेच आडवे असतात, तिथे वाईट वाटत नाही. घरी शेजारच्या वहिनी धडाधड जिना उतरतात, आणि आपण भाजी चिरायची म्हटलं तर सुरी हातातनं पडते. मी चिडायचे. ह्यांनी आमटी केली की खारट म्हणायचे, नाही केली की उपाशी ठेवताय म्हणायचे. ते नोकरी करून घर बघत होते, मला उचलत होते, आणि वर माझी बोलणी खात होते.

एके दिवशी ते हळूच म्हणाले, “गाडीसाठी एकजण विचारत होता.”

“कुठल्या गाडीसाठी?”

“लाल. मी म्हटलं, तिथे पार्किंगमध्ये रोज दिसणार, तुला त्रास होणार. नवीन सुरुवात करायची तर काहीतरी बसून करण्यासारखं बघू. उगाच आशा लावून बसायचं आणि...”

“आणि काय? बोला ना, आणि काय?”

आजारपणात मी जेवढी रडले नव्हते तेवढी त्या दिवशी रडले. मी म्हटलं, पाय मला नाहीत, तुम्हाला आहेत, मग तुमचाच धीर का सुटतोय? मला रोज सकाळी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं माहितीय? ते मैदान. तेवढं दिसतं म्हणून मी ती जीव काढणारी फिजिओथेरपी करते. ती गाडी गेली तर मी कशासाठी उठू? आमटी खारट म्हणायला?

आई आतून बाहेर आली.

“जावईबापू, गाडी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तिची गाडी बी बंद हाय आन माझा च्या बी बंद हाय. दोन्ही सुरू व्हतील.”

पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मला मात्र राग होताच. इतकी वर्षं संसार केला आणि या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही, असं मनात घट्ट बसलं.

खोटं बोलण्याचा आवाज

फिजिओथेरपीसाठी हे मला परत हॉस्पिटलात न्यायचे. ती करून घेणारी तृप्ती, वय पंचविशीच्या आसपास, आवाज शाळेच्या घंटेसारखा. मी तिला विचारलं, “बाळा, मी चालेन ना?” तर म्हणाली, “ताई, आपण आज फक्त उभं राहायचंय. चालायचं टेन्शन तुम्ही कशाला घेता, ते मी घेते.” अशी माणसं भेटली पाहिजेत!

दोन दांड्यांच्या मध्ये मला उभं करायचं ठरलं. आईसुद्धा आली होती. तृप्तीनं माझ्या कमरेला जाड पट्टा बांधला, मला वर घेतलं, आणि मी उभी राहिले. पाय थरथरत होते, घामानं गाऊन भिजला होता, पण उभी! जग किती दिवसांनी वरून दिसलं! पंख्यावरची धूळसुद्धा दिसली आणि मी म्हटलं, अगं तृप्ती, पंखे पुसत नाही का गं तुमच्याकडे?

“जावईबापू,” मागून आई ओरडली, “च्या सांगा!”

कँटीनचा चहा आला. आईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “पांचट हाय,” म्हणाली, आणि तो संपवून दुसरा मागवला. मग तिसरा. ह्यांनी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर चालणं. तृप्ती मागे पट्टा धरून असायची आणि मी वॉकर टेकत एकेक पाऊल टाकायचे. भीती काय असते ते मला तिथे कळलं. पाय उचलला की खाली जमीन असेल याची खात्री नाही. दर पावलाला माझ्या तोंडून आपोआप निघायचं, “धरलंय ना गं?”

“धरलंय, ताई.”

असेच बरेच दिवस गेले. एकदा मी कॉरिडॉरमध्ये चालले होते, खिडकीकडे बघत. “धरलंय ना?” “धरलंय धरलंय! पुढे बघा!” आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा आवाज मला माहीत होता! जरा जास्तच आनंदी, जरा जास्तच मोठा, दोनदा म्हटलेलं ‘धरलंय’. अहो, हा माझाच आवाज! हात सोडल्यावर मी अशीच ओरडते! पोरगी मला सोडून लांब उभी होती.

मी मागे वळून बघितलं नाही. पाय तसेच टाकत राहिले. खिडकीपर्यंत गेले, गज धरला आणि मगच मोठ्यानं हसले.

“लबाड! कधी सोडलंस?”

“तुम्हाला कळलं?” तृप्ती आली ती डोळे मोठे करून.

“मला कळणार नाही? मी या थापेत पीएचडी केलीय!”

त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात गाणी म्हटली. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे की!

बॅटरी

काठीवर आले तसं मी ह्यांना म्हटलं, मला खाली पार्किंगमध्ये न्या. लिफ्टमधून उतरलो. गाडी कोपऱ्यात कव्हरखाली होती. मी मनाची तयारी करून गेले होते, की टायर बसलेले असतील, बॅटरी मेलेली असेल, गाडीला पुन्हा सगळं करावं लागेल, माझ्यासारखंच. ह्यांनी कव्हर काढलं. गाडी चकचकीत होती. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं.

पहिल्या फटक्यात सुरू!

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते कव्हरची घडी घालत होते, अगदी लक्ष देऊन, कोपऱ्याला कोपरा लावून.

“रोज दूध आणायला उतरतो तेव्हा जरा चालू करून ठेवायचो,” ते म्हणाले.

“तुम्ही तर विकणार होतात!”

“बंद गाडीला भाव येत नाही.”

मी तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हसता हसता रडले. वॉचमन बघत होता. ह्यांनी हळूच माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, “पुरे, इंजिन बंद कर, पेट्रोल जळतंय.”

मैदान

आता तुम्हाला, म्हणजे जे कुणी आत्ता तिथे पडून आहेत त्यांना, आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांना सांगते. मी पूर्वीसारखी झाले नाही. डावं पाऊल अजून जरा घासतं, तळव्यांना मुंग्या येतात, दुपारी झोपावं लागतं. पळता येत नाही. आणि स्कूटर शिकवायची तर मागे पळावं लागतं. म्हणून मैदानावर परत जायच्या दिवशी माझ्या छातीत जे काय धडधडत होतं! पोटभर आनंद आणि पोटभर भीती. उभं राहून शिकवता येईल का? बायका काठीवाल्या बाईकडे येतील का? एकीला तरी मी चालवायला शिकवू शकले नाही, तर ह्यांचं ते ‘बसून करण्यासारखं’ खरं ठरणार होतं.

कुलकर्णी काकू आधीच येऊन उभ्या होत्या. हेल्मेट घालून, हनुवटीखाली पट्टा लावून.

“उशीर झाला तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“आजारी होते, काकू!”

“ते नाही. आज. चार मिनिटं.”

हे गाडी लावून कडेला गेले. काकू गाडीवर बसल्या, आरसे नीट केले, खांदे सैल सोडले. मी काठी टेकून त्यांच्या मागे, चांगली दोन हात लांब उभी. काकू पुढे बघत म्हणाल्या, “ताई, मागून धरलंय ना?”

काय सांगू? “नाही, काकू,” मी म्हटलं. “आता नाही धरता येत मला. मी पळू शकत नाही.”

“ते मला दिसलंय. मी विचारलं त्याचं उत्तर द्या.”

“अहो, पण मी काठी घेऊन इथे...”

“ताई,” काकू मान न वळवता म्हणाल्या, “तुम्ही पूर्वीही सोडायचातच. थोडं पळालात की चपलांचा आवाज बंद व्हायचा. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला.”

म्हणूनच ही बाई कधी किंचाळली नाही! म्हणूनच त्या सकाळी माझी चप्पल हरवलेली तिला माझ्या आधी कळली! ती कायम माझी पावलं ऐकत होती.

“मग दर वेळी विचारायचात कशाला?”

“ऐकलं की बरं वाटायचं,” काकू म्हणाल्या. “हात नसला तरी चालेल. पाठीमागे कोणीतरी आहे एवढं कळलं की पुरतं. म्हणा आता. क्रिकेटवाले येतील.”

मला ती दुपार आठवली, मशीनचं सूऽ आणि थांबा. डोळे भरून आले. मी छातीत मावेल तेवढा श्वास घेतला, माझा स्वतःचा श्वास, आणि एका दमात ओरडले, “धरलंय, काकू, धरलंय! पुढे बघा!”

आणि काकू निघाल्या! जरा डुगडुगल्या, सावरल्या, आडव्या आलेल्या कुत्र्याला “बाजूला हो” म्हणाल्या, टोकाला जाऊन सुरेख वळल्या. मी काठी हवेत उंच केली. कडेला हे टाळ्या वाजवत होते, हो, आमचे हे, भर मैदानात! काकूंनी एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरीही मारली आणि माझ्यासमोर येऊन बरोबर थांबल्या.

“जमलं,” मी म्हटलं. “आता तुम्हाला माझी गरज नाही.”

“बसा मागे,” काकू म्हणाल्या.

“मी?”

“मग कोण? मागे माणूस बसवून चालवायला अजून शिकवलं नाहीयेत तुम्ही. अभ्यासक्रम अर्धा ठेवायचा नाही.”

ह्यांनी मला आधार दिला. डावा पाय मी हातानं उचलून पलीकडे टाकला. हेल्मेट चढवलं. इतक्या महिन्यांनी माझ्या बुडाखाली माझी गाडी गुरगुरत होती आणि मला लहान पोरासारखं ओरडावंसं वाटत होतं.

“ताई, मागून धरलंय ना?”

एकेकाळी टूथपेस्टची नळीही दाबू न शकलेली माझी बोटं मी काकूंच्या दोन्ही खांद्यांवर रोवली.

“धरलंय!” मी म्हटलं.

“जरा सैल धरा,” काकू म्हणाल्या, “दुखतंय,” आणि आम्ही निघालो.